पीडेची पिल्लं

पितांबर भोई नावेत उभा राहून जाळं ओढत होता आणि त्याची बायको छबूबाई काठावर कमरेवर हात ठेवून बघत होती. तिला सगळी तापी नको होती. एक वाम हवी होती, एकच. लांबट, बुळबुळीत, हातातून निसटून जाणारी, राख लावल्याशिवाय धरता न येणारी वाम. घरी लेक काजल बाळंत होऊन पडली होती, तान्ही पोरगी भुकेनं किंचाळत होती आणि काजलला दूध उतरत नव्हतं.

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या भोईवाड्यात बाळंतिणीला वामेचं कालवण घालतात. छबूबाईच्या आईनं छबूबाईला घातलं, छबूबाईच्या सासूनं आपल्या लेकींना घातलं. घरात बाळंतीण आहे म्हटल्यावर नदी वाम देते, असा तिथल्या बायकांचा विश्वास होता आणि नदीनं तो कधी खोटा पाडला नव्हता. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, पोरीला सारखं छातीला लाव, पोटभर जेव, दूध येईल. छबूबाईनं मान हलवली होती. पोटभर जेव म्हणजे काय जेव, ते नर्सला माहीत नव्हतं, छबूबाईला माहीत होतं.

जाळं वर आलं. त्यात काळे, खडबडीत पाठीचे मासे वळवळत होते. अंगावर नक्षी, खवल्यांच्या जागी कडक कवच, पाठीवर काटा, आणि तोंड म्हणावं तर खाली, पोटाच्या बाजूला, गोल. एका माशाचा काटा जाळ्यात अडकला होता. पितांबरनं तो सोडवताना जाळ्याचे दोन फासे तुटले. मग त्यानं मासे एकेक करून पाण्यात सोडले, आणि प्रत्येकाला सोडल्यावर हात जोडले.

"सोडी दिनात? आज बी सोडी दिनात?" छबूबाई ओरडली.

"मंग काय करू? शनीमासा शे तो. जो धरी ठेवी त्याले पीडा लागस."

"आनि वाम?"

"वाम नही."

"वाम नही, मरय नही, शिंगाडा नही. नुसता हाऊ काया सासरा! ओ काजलना बाप, नदी कोनी शे? तुमनी का त्यानी?"

"तोंड सांभाय, छबू," पितांबर घाबरून इकडेतिकडे बघत म्हणाला. "घरमा तान्ही पोर शे."

छबूबाईनं तोंड आवरलं, पण पटलं म्हणून नव्हे. तान्ह्या पोरीचं नाव निघालं की कोणती आजी बोलेल? टोकदार दातांच्या मरळी आणि मिशांचे शिंगाडे मासे ज्या पाण्यात होते त्या पाण्यात आता दात नसलेला, बोलून चालून बाहेरचा एक मासा राज्य करत होता, आणि तिचा नवरा, जन्माचा भोई, त्याला हात जोडत होता.

हा शनीमासा आला कुठून, ते सांगितलंच पाहिजे. तो आकाशातल्या शनीकडून आला नाही. तो शहाद्याहून आला, मोटारसायकलवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

शहाद्याला हेमकांत नावाच्या गृहस्थाचं मच्छीघर होतं. माणूस चांगल्या बागायतदार घरातला, शिकलेला, गोडबोल्या, गळ्यात तुळशीची माळ. लोकांना मधे एकदा वेड लागलं होतं की दिवाणखान्याच्या ईशान्य कोपऱ्यात काचेची पेटी आणि तीत रंगीत मासे असले की घरात भरभराट होते. हेमकांतनं तालुकाभर भरभराट विकली. रंगीत माशांबरोबर तो एक काळा मासा फुकट द्यायचा. काचेवरचं शेवाळ चाटून पेटी साफ ठेवतो म्हणून दुकानात त्याला सगळे चाट्या म्हणत. बोटाएवढा चाट्या, मुलांना गंमत वाटायची.

भरभराट काही आली नाही. रंगीत मासे मेले. चाट्या मात्र मेला नाही. तो वाढला. बोटाचा वीतभर झाला, वितेचा हातभर झाला, पेटीत वळायला त्याला जागा उरेना. लोक वैतागून बादलीत घालून तो हेमकांतकडे परत आणू लागले. "तुमचा मासा तुम्ही घ्या, साहेब, रात्रभर काचेवर डोकं आपटतो." हेमकांतच्या मागच्या खोलीत टब भरले. विकावं तर एवढा दांडगा मासा घेणार कोण, आणि मारावं तर गळ्यात माळ. मुका जीव मारायचा नाही, असा त्याचा नियम होता. फार चांगला नियम आहे. पुढे त्या नियमानं किती जीव मेले ते मोजायला मात्र कुणी बसलं नाही.

मग एका शनी अमावास्येला त्यानं प्रकाशाच्या घाटावर छत्री रोवली, छत्रीखाली टब मांडले आणि वर कापडी फलक लावला: 'काळा मासा सोडा, शनीची पीडा सोडा.' प्रकाशा म्हणजे तीर्थाचं गाव. नाशिक, धुळे, सुरतेकडून माणसं येतात, पितरांची कामं करतात, नदीत दिवे सोडतात. त्यांच्यातल्या निम्म्यांना साडेसाती असते आणि उरलेल्यांना ती येणार असते. मासा डोक्यावरून ओवाळायचा, मनातलं दुःख त्याच्या कानात सांगायचं आणि तापीत सोडायचा. माशाला कान कुठे असतो हे कुणी विचारलं नाही. दुकानातला चाट्या घाटावर येताच शनीमासा झाला. शनी बिचारा तिकडे वर आपल्या कामात, त्याला काय ठाऊक की शहाद्यातल्या एका माणसानं त्याच्या नावावर टब रिकामे करायला घेतलेत!

सुरुवातीला भोयांनाही तो मासा नवा होता. जाळ्यात पहिल्यांदा सापडला तेव्हा पितांबरच तो घेऊन हेमकांतकडे गेला होता, हा काय प्रकार आहे म्हणून विचारायला. तेव्हा हेमकांत एक क्षण थांबला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पितांबरभाऊ, हाई पीडा शे. कोनीतरी सोडेल शे. जो धरी ठेवी, त्याना घरले लागी. जशी उनी तशी सोडी द्या." पितांबरनं धावत जाऊन मासा पाण्यात टाकला आणि डोक्यावरून आंघोळ केली. संध्याकाळपर्यंत सगळ्या भोईवाड्याला कळलं.

त्यातच तापीवरच्या बॅरेजवर राखणीला असलेल्या डोंगरसिंगनं एक शनीमासा दगडानं ठेचला आणि त्याच आठवड्यात तो मोटारसायकलवरून पडून पाय मोडून घेऊन बसला. झालं. डोंगरसिंग त्याआधीही दारू पिऊन पडलाच होता, तेव्हा कुणी माशाचं नाव घेतलं नव्हतं. पण भीतीला पुरावा लागत नाही, निमित्त पुरतं. तेव्हापासून शनीमासा जाळ्यात आला की भोई हात जोडून त्याला घरी पोचवू लागले. आणि त्याचं घर म्हणजे त्यांचीच नदी.

मत्स्य खात्याचे साहेब एकदा येऊन गेले होते. हा बाहेरचा मासा आहे, आपल्या माशांची अंडी आणि त्यांचं खाणं संपवतो, काठात बिळं करून काठ ढासळवतो, सापडला की मारा, परत पाण्यात सोडू नका, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. भोयांनी माना डोलावल्या, चहा प्याले आणि दुसऱ्या दिवशी मासे हात जोडून सोडले. साहेब घाटावर एक सूचनाफलक लावून गेले होते. त्याच्या खिळ्याला हेमकांत माशांच्या पिशव्या अडकवायचा. सरकारनं खिळा चांगला मजबूत ठोकला होता.

त्या सकाळी नवऱ्यावर ओरडून झाल्यावर छबूबाई स्वतः पाण्यात उतरली. घाटाच्या वरच्या अंगाला जुन्या पायऱ्यांचे दगड पाण्यात कलंडून पडलेले आहेत. त्यांच्या सांदीत वामा बसतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, तिचं माहेर याच भोईवाड्यातलं. वैशाखाचं ऊन पाठीवर घेत तिनं गुडघाभर पाण्यात एकेक सांद चाचपली. पूर्वी त्या दगडांवर हात ठेवला तर शेवाळाची गादी लागायची. आता दगड घासून ठेवल्यासारखे उघडे होते. काठाच्या मातीत हात आत जाईल एवढी बिळं पडली होती. एका बिळात तिनं हात घातला आणि काहीतरी खरखरीत तिच्या बोटांना घासून आत सरकलं. छबूबाईनं झटकन हात काढला, बोटातून रक्त आलं होतं.

"मन्हा माहेरना दगड," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला रडू आलं. रडू आलं म्हणून तिला आणखी राग आला.

घरी गेली तर काजल पोरीला छातीशी धरून बसली होती आणि पोर चोखून चोखून थकून, तोंड बाजूला करून रडत होती. काजलनं आईच्या रिकाम्या पाटीकडे पाहिलं आणि पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. तिनं काही विचारलं असतं तर छबूबाईला बरं वाटलं असतं. छबूबाईनं पाटी आपटली, पदर खोचला, मासे चिरायचा कोयता उचलला आणि पुन्हा घाटाकडे निघाली. कोयता कशाला घेतला ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. मासे विकणाऱ्या बाईच्या हाताला ती सवयच असते, बाहेर पडलं की कोयता पाटीत आणि पाण्याची कळशी काखेत.

त्या दिवशी शनी जयंती होती. घाट फुलून गेला होता. गाड्या पार वरच्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. हेमकांतच्या छत्रीखाली रांग होती आणि हेमकांत पांढऱ्या सदऱ्यात, कपाळाला गंध लावून, प्रत्येकाकडून पैसे घेऊन हसून पिशवी देत होता. टबांत काळे मासे एकमेकांवर चढून बसले होते. छत्रीच्या मागे मात्र एका टेबलावर काचेची छोटी पेटी होती. तिच्यावर ओलं फडकं टाकलं होतं, ऊन लागू नये म्हणून. वाऱ्यानं फडक्याचं टोक उडालं आणि छबूबाई जागच्या जागी थांबली.

पेटीत वाम होती. चांगली हातभर, पिवळसर तपकिरी, बारीक टोकदार तोंडाची. काचेच्या तळाशी वेटोळं करून बसलेली.

"ये मावशी, राम राम," हेमकांत म्हणाला. "आज कशी काय इकडे? आंडेर काजल बायंत व्हयनी म्हने."

"हाई वाम कोठून उनी?"

"ती व्हय? तुमनाच लोकेस्नी आनी दिनी. सुरतले एक गिऱ्हाईक शे, त्याले पेटीमा ठेवाले गावठी मासा पाहिजे. आते कोठे सापडस व मावशी! भलती दुर्मिळ व्हई गयी."

त्यानं 'दुर्मिळ' हा शब्द असा उच्चारला, जणू मालाचं कौतुक सांगतोय. नदीतला मासा काचेत, आणि काचेतला नदीत! आणि दोन्हीकडून हाच माणूस उभा, गंध लावून.

"माले दे ती," ती म्हणाली. "मन्ही लेक बायंतीन शे. दूध नही तिले."

"अव मावशी, ती सुरतनी व्हई गयी. बोलनं व्हयेल शे. तुम्ही पितांबरभाऊले सांगा ना, जायं टाकतीन, दुसरी सापडी जायी." मग त्याला दया आली. दया त्याला नेहमीच यायची. त्यानं टबातला एक शनीमासा पिशवीत घालून तिच्यापुढे धरला. "हाऊ ल्या. नातना नावथीन सोडा. तिनी भूक जायी. तुमनाकडथीन काहीच नको."

रांगेतल्या दोन बायका त्याच्या दानतीकडे कौतुकानं बघत राहिल्या.

छबूबाईनं पिशवी घेतली. तिनं ती फाडली, पाणी घाटाच्या पायरीवर सांडलं आणि मासा फरशीवर पडून शेपटी आपटू लागला. रांगेत कुजबुज झाली. छबूबाई पायरीवर बसली, डाव्या पायाचा तळवा माशाच्या शेपटीवर ठेवला आणि पाटीतून कोयता काढला.

"मावशी!" हेमकांत ओरडला. "काय करी ऱ्हायनी! आज शनी जयंती शे!"

"माले माहीत शे."

"घरमा तान्ही नात शे तुमनी! तिना ते इचार करा!"

हे तो बोलला. ज्या पोरीच्या तोंडचं दूध त्याच्या टबांनी पळवलं त्या पोरीचं नाव त्यानं घेतलं, तिच्या आजीला भीती घालायला! छबूबाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तिनाच इचार करी ऱ्हायनू," ती म्हणाली आणि कोयता खाली आणला.

कवच कडक होतं. पहिला घाव सरकला. दुसरा बसला. तिसऱ्याला पोट उघडलं, आणि त्यातून पिवळीधमक अंडी पायरीवर सांडली. मोठमोठी, टपोरी, ओंजळ भरून वाहतील एवढी. ती एका पायरीवरून खालच्या पायरीवर घरंगळली आणि रांगेतली माणसं पाय वर उचलत मागे सरकली.

"देखा!" छबूबाई उभी राहून ओरडली. मासळीबाजारात चाळीस बायकांच्या वर आवाज काढायची सवय असलेला तिचा गळा होता, घाटाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं. "देखी ल्या तुमनी पीडा! तुम्ही सोडी, ती गयी नही. तिले पिल्ले व्हयनात! मन्ही नदीमा व्हयनात, मन्हा घरमा व्हयनात!"

एक सुरतेकडची म्हातारी हातात पिशवी धरून उभी होती. तिनं पिशवीतल्या माशाकडे पाहिलं, पायरीवरच्या अंड्यांकडे पाहिलं.

"पण बाई," ती हळूच म्हणाली, "आम्ही गेल्या वर्षीही सोडला होता. म्हणजे तो अजून आहे?"

"तोच नही, आजी. त्याना सगया वंश शे. या, नदीमा उतरा, दाखाडस."

म्हातारीनं पिशवी टबाच्या कडेवर ठेवून दिली आणि पदरानं हात पुसले. तिच्या मागचे दोघं-तिघं रांगेतून बाहेर पडले. बाकीचे तिथेच घुटमळत राहिले. कुणी म्हणालं, बाई वेडी झालीय. कुणी म्हणालं, भोईण आहे, तिला धर्माचं काय कळणार. लोकांचं असं असतं, आपली पीडा दुसऱ्याच्या अंगणात टाकताना त्यांना धर्म कळतो आणि अंगणवाली ओरडली की तिला कळत नाही.

छबूबाईनं कुणाचं ऐकलं नाही. ती टेबलाकडे गेली, दोन्ही हातांना फरशीवरची ओली माती चोळली, पेटीत हात घातला आणि वाम धरून आपल्या पाण्याच्या कळशीत सोडली.

"मावशी, हाई चोरी शे!" हेमकांतचा गोडवा आता पार उतरला होता. "मी पोलीसमा जासू!"

"जाय. आनि तठे नदीनी पावती दाखाड. तिनी इकेल शे का तुले?"

ती कळशी डोक्यावर घेऊन पायऱ्या चढून गेली. कुणी तिला अडवलं नाही.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. पितांबर दारात उभा होता, तोंडचं पाणी पळालेलं.

"मारी टाकं तू त्याले?"

"मारी टाकं."

"शनीले?"

"चाट्याले."

पितांबर ओट्यावर मटकन बसला. भांडणारा माणूस असता तर छबूबाईला सोपं गेलं असतं, पण तो भांडला नाही. तो हात जोडून म्हणाला, "छबू, तू खोलीमा जाऊ नको. पोरले शिवू नको. आज ते नकोच." आणि आतापर्यंत जिनं कुणाला भीक घातली नव्हती ती छबूबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. पोर आत रडत होती. छबूबाईला पीडा खोटी वाटत होती, पण पोर तर खरी होती ना. तिनं अंगणात चूल मांडली, मसाला वाटला आणि राख घेऊन कळशीपाशी बसली.

वाम तिनं राखेच्या हातानं वर काढली. तेवढ्यात काजल पोरीला खांद्याला लावून दारात आली.

"माय, थांब. तिना पोटकडे देख."

छबूबाईनं पाहिलं. वामेचं पोट फुगलेलं, ताणून चकचकीत झालेलं होतं.

"दोन जीवनी शे ती," काजल म्हणाली.

"मंग? गाभोळीनं कालवन आनखी चांगलं लागस." छबूबाईनं आयुष्यभर गाभोळीचे मासे चिरले होते. त्यावरून डोळे ओले करणारी बाई ती नव्हती.

"लागस ना. पन आज मी हाई खाई टाकसू. मन्ही ही पोर बायंतीन व्हयी, तवय तिले मी काय घालसू? शनीमासा?"

छबूबाईच्या हातात वाम वळवळत होती. वाटलेला मसाला पाट्यावर तसाच होता. बाळंतिणीला वाम घालायची म्हणून तिनं घाट डोक्यावर घेतला, नवऱ्याशी वैर घेतलं, चोर म्हणवून घेतलं, आणि आता बाळंतीणच नको म्हणत होती. आणि तिचं चूक आहे असंही म्हणता येईना.

"मंग सोडू कोठे?" ती एकदम ओरडली. काजलवर नाही, कुणावरच नाही. "सांग ना! नदीमा सोडू? तठे त्या चाट्या बसेल शेतस. हाई अंडा घाली, त्या चाटी टाकतीन. तापी एवढी मोठी, आनि एक वाम ठेवाले जागा नही! कोठे सोडू मी हिले?"

पितांबरनं ओट्यावरून मान खाली घातली.

शेवटी छबूबाई उठली आणि तिनं वाम अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत सोडली. तळाशी दोन दगड टाकले, नदीवरची ओंजळभर वाळू टाकली. हेमकांतच्या काचेच्या पेटीत आणि तिच्या टाकीत फरक तो काय, असं तिला वाटून गेलं आणि तोंड कडू झालं. कालवणाच्या मसाल्यात तिनं शेंगदाणे वाटून घातले, वर बाजरीची भाकर केली आणि काजलला ताटलीभर वाढून उंबऱ्यावरून आत सरकवली. काजल जेवली. पोर पुन्हा छातीला लागली, पुन्हा रडली.

पितांबर ओट्यावरून हलला नाही. पोर रडली की तो दचकायचा, शिंकली की आत बघायचा. पीडा कुठून येते, छपरातून की दारातून, हे ठाऊक नसल्यामुळे तो दोन्हीकडे लक्ष ठेवून होता. दिवेलागणीला पोरीचा आवाज एकाएकी बंद झाला. पितांबर उभा राहिला. छबूबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. दोघंही एकदमच आत धावले, उंबरा, विटाळ, पीडा सगळं विसरून.

पोर पीत होती. गटागट पीत होती, हनुवटीवरून दूध ओघळत होतं. काजल त्यांच्याकडे बघून रडत होती आणि हसत होती. नर्सच्या सांगण्यानं आलं, शेंगदाण्यांनी आलं, की यायची वेळ झाली म्हणून आलं, ते कुणी सांगावं. दूध आलं एवढं खरं. छबूबाईनं पोरीच्या टाळूवर हात ठेवला. पितांबरनं ते पाहिलं आणि पोरीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

सकाळी तो नेहमीसारखा नदीवर गेला. छबूबाई अंगण झाडत होती तेव्हा तो परत आला. नेहमी त्याच्या पाटीत काहीच नसायचं, कारण जे सापडायचं ते तो हात जोडून परत देऊन यायचा. आज त्यानं पाटी अंगणात उपडी केली. काळे, खडबडीत शनीमासे मातीत आपटू लागले, लहान, मोठे, अंगभर नक्षीचे. शेजारच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली.

पितांबरनं टाकीत वाकून पाहिलं. वाम दगडाआड बसली होती. मग त्यानं घरात पाहिलं, जिथून पोरीचा आवाज येत नव्हता कारण तिचं पोट भरलं होतं.

"कोयता दे," तो म्हणाला.

छबूबाईनं कोयता दिला. तो माशापुढे उकिडवा बसला आणि त्याचे हात, इतक्या दिवसांच्या सवयीनं, आपोआप एकमेकांना जुळले.

"हात जोडू नका," छबूबाई म्हणाली. "कापा."